डेपोतली जादा गाडी

माझ्या एक्सेलच्या तक्त्यात चौदा ओळी होत्या आणि सात रकाने. तारीख, कुठून, कुठे, गाडी सुटण्याची वेळ, पोचण्याची वेळ, मुक्काम, शेरा. बँकेत एकतीस वर्षं काढलेल्या बाईचा तक्ता असावा तसाच. गाड्यांच्या वेळा इंटरनेटवर चार ठिकाणी ताडून घेतलेल्या आणि शेऱ्याच्या रकान्यात 'इथे बाथरूमला जाऊन घेणे' असंसुद्धा लिहिलेलं. मुंबईहून बँकॉकला विमानानं जायचं, हनोईहून विमानानं परतायचं आणि मधला सगळा प्रवास बसनं करायचा: थायलंडचा उत्तर भाग, मग लाओस, मग डोंगर ओलांडून व्हिएतनाम.

सोबतीला माझ्या नणंद. वय सहासष्ट, परदेशाची पहिलीच खेप. आम्ही सगळे त्यांना आक्का म्हणतो. एसटीत आधी बुकिंगच्या खिडकीवर आणि नंतर वाहतूक नियंत्रक म्हणून त्यांची सगळी नोकरी झाली. कऱ्हाडच्या घरी मी लॅपटॉप त्यांच्यापुढे ठेवला, तेव्हा त्यांनी चष्मा लावून तक्ता वरपासून खालपर्यंत वाचला.

"गाडी तुझी हाय का?"

"म्हणजे?"

"नाय, वेळा अशा लिहिल्यास म्हणून विचारलं."

मग त्यांनी एकच दुरुस्ती सांगितली. चार ओळी रिकाम्या घालायच्या आणि त्यांत काही लिहायचं नाही. मला ते जिवावर आलं. एवढा खर्च करून जायचं आणि चार दिवस नुसते मोकळे सोडायचे? आक्का म्हणाल्या, "डेपोत एक गाडी जादा ठिवावीच लागती. रोज उभी दिसती म्हणून ती कुणी भंगारात घालत नाय."

मी चार ओळी घातल्या. खरं सांगायचं तर त्यांचं मन राखायला घातल्या. त्यांना राखाडी रंग दिला आणि मनाशी म्हटलं, यातले दोन दिवस हनोईत खरेदीला होतील.

बँकॉकमध्ये आक्का पहिल्या दिवशीच रमल्या, पण देवळांत नाही. शहराच्या साध्या बसमध्ये एक कंडक्टर बाई होती. तिच्या हातात पत्र्याची लांब नळी, नळीतच तिकिटांची गुंडाळी आणि नळीतच सुटे पैसे. गर्दीतून वाट काढताना ती त्या नळीचं झाकण खटखट वाजवायची. आपल्याकडे मशीन येण्याआधी कंडक्टर तिकिटाचा पंच वाजवत यायचे ना, अगदी तोच आवाज. आक्कांनी तिच्याकडे हात पुढे केला. त्या बाईनं काय ओळखलं कोण जाणे, पण नळी सरळ आक्कांच्या हातात दिली. आक्कांनी ती दोनदा वाजवली आणि परत केली. दोघींत एका शब्दाचीही भाषा सामाईक नव्हती.

उत्तरेच्या मो चित स्थानकावरून रात्रीच्या गाडीनं चिआंग रायला गेलो. तिथे जुन्या स्टँडवर चिआंग खोंगची गाडी लागलेली होती. रंगानं लाल, बिनएसीची, छताला पंखे, दार उघडंच. आक्का फलाटावर थबकल्या. "आगं, ही तर आपलीच की!" १९४८ साली १ जूनला पुणे-नगर रस्त्यावर पहिली एसटी धावली, हे त्यांना स्वतःच्या लग्नाच्या तारखेपेक्षा पक्कं पाठ आहे. ती अख्खी माहिती त्यांनी शेजारच्या थाई आजींना मराठीत दिली. आजींनी मान डोलावून ऐकून घेतली.

चिआंग खोंग हे मेकाँगच्या काठावरचं थायलंडचं शेवटचं गाव. पलीकडे लाओसमधलं हुआय साय. पूर्वी इथे होडीनं नदी ओलांडायचे. २०१३ साली पूल झाला आणि आता परदेशी माणसाला पुलावरूनच जावं लागतं. तेही चालत जाता येत नाही, पुलापुरती एक वेगळी बस असते, तिचं तिकीट काढायचं. थायलंडमध्ये गाड्या आपल्यासारख्या डाव्या बाजूनं चालतात, लाओसमध्ये उजव्या. पूल ओलांडता ओलांडता रस्त्याची बाजू बदलते. वाचताना ही गंमत वाटते. प्रत्यक्षात मात्र पुढचे कितीतरी दिवस आम्ही दोघी रस्त्याच्या चुकीच्या बाजूला उभ्या राहून हात दाखवत होतो आणि गाडी आमच्या पाठीमागून, पलीकडच्या कडेनं निघून जात होती. बसचं दारही उजवीकडे. आक्का सवयीनं डावीकडून जायच्या आणि पत्र्यासमोर उभ्या राहायच्या.

लाओसचा व्हिसा नाक्यावरच मिळतो. डॉलर द्यायचे, फोटो द्यायचा. माझ्याकडे डॉलर मोजून होते, पण त्यातल्या एका नोटेला घडीचा दुमडा होता. काचेपलीकडच्या साहेबांनी ती नोट बोटानं परत सरकवली. शांतपणे, जणू लग्नाच्या आहेराचं पाकीट कुणी नम्रपणे परत करावं तशी. दुसरी नोट होती म्हणून बरं. प्रवासात मोकळं असावं वगैरे सगळं खरं, पण ते मोकळेपण काही बाबतींत चालतच नाही. पासपोर्टची मुदत सहा महिन्यांहून जास्त असली पाहिजे. डॉलरच्या नोटा पापडासारख्या कडक हव्यात. आणि व्हिएतनामच्या ई-व्हिसाच्या अर्जात तुम्ही कोणत्या नाक्यावरून आत येणार ते आधीच लिहावं लागतं. विमानतळ, बंदरं आणि ठरावीक जमिनीवरचे नाके यांची यादी असते, त्या यादीतलाच नाका निवडायचा. मी लाओस-व्हिएतनाम सीमेवरच्या खिंडीतला ताय त्रांग निवडला होता. म्हणजे मधे कितीही गोल फिरलो तरी शेवटी त्याच खिंडीत जाऊन उभं राहायचं होतं. आमच्या सगळ्या सहलीत पक्का ठोकलेला खिळा एवढाच. बाकीचं दोरीवरच्या धुण्यासारखं, वाऱ्यानं हलेल तसं हललं तरी हरकत नव्हती. पण हे मला तेव्हा कळलेलं नव्हतं. माझ्या तक्त्यात सगळ्याच ओळी सारख्या ठळक होत्या.

हुआय सायहून लुआंग प्रबांगची रात्रीची गाडी पकडली. तिच्या खिडक्यांवर कोरियन अक्षरं तशीच होती. कोरियात वापरून झालेल्या पुष्कळ बस लाओसमध्ये येऊन पुढचं आयुष्य काढतात. टपावर पोती, फर्निचरचे पाय आणि एक मोटरसायकल. मधल्या वाटेत तांदळाची पोती रचून त्यांवर प्लास्टिकची स्टुलं. वडापात चौदा माणसं बसलेली मी पाहिली आहेत, त्यामुळे धक्का बसला नाही. गाडी तक्त्यातल्या वेळेपेक्षा पाऊण तास उशिरा निघाली. मी दोनदा घड्याळ बघितलं. आक्का म्हणाल्या, "उशीर नाय, गाडी भरतीय."

रात्री एकच्या सुमारास डोंगरात खालून मोठा आवाज आला आणि गाडी एका कुशीवर कलल्यासारखी झाली. मागचा पाटा तुटला होता.

डिसेंबरातल्या उत्तर लाओसच्या डोंगरात चांगली थंडी असते. लोक खाली उतरले. कुणी काटक्या गोळा केल्या, कुणी जाळ केला, बायकांनी पोरांना भोवती बसवलं. ड्रायव्हर आणि क्लीनर गाडीखाली शिरले. नवा पाटा आणायला क्लीनर एका जाणाऱ्या ट्रकला हात दाखवून निघून गेला. किती वेळ लागेल, हे कुणी विचारलं नाही. विचारत होते फक्त दोघेजण. पाठीवर मोठी सॅक असलेला एक गोरा तरुण, आणि मी.

मोबाइलला रेंज नव्हती, त्यामुळे भाषांतराचं ॲप नुसतंच गोल फिरत होतं. मला फार राग आला होता. आपल्याकडे असते तर डेपोला फोन लावला असता, कंडक्टरला दोन शब्द सुनावले असते, 'तक्रार वही आणा' म्हटलं असतं. इथे काय म्हणणार? रागाला भाषा लागते. ती नसली की राग थोडा वेळ तोंडात घोळतो आणि मग नुसतीच थंडी उरते. तो तरुण इंग्रजीत ड्रायव्हरच्या बुटांशी बोलत होता, कारण ड्रायव्हरचे तेवढे बूटच बाहेर दिसत होते.

आक्का कुठे आहेत म्हणून बघते, तर त्या गाडीखाली टॉर्च धरून उकिडव्या बसलेल्या. ड्रायव्हर हात पुढे करी त्या बाजूला प्रकाश नेत होत्या. जॅकखाली लाकडाचा ठोकळा सरकवताना त्यांनी "हां, आणि जरा, बास" असं मराठीत सांगितलं आणि त्यानं तेवढंच सरकवलं. मधेच तो बाहेर आला, माझा चेहरा बघून हसला आणि म्हणाला, "बो पेन न्यांग." 'काही नाही, होतं असं' या अर्थाचा हा शब्द लाओसमध्ये उठता-बसता ऐकू येतो. प्रवाशांनी लिहिलेल्या वर्णनांत त्याचं फार कौतुक असतं, की बघा कसे निवांत लोक, घड्याळाचे गुलाम नाहीत वगैरे. मला ते कौतुक त्या रात्रीपासून पटत नाही. 'काही नाही' म्हणून तो माणूस पुन्हा गाडीखाली शिरला आणि साडेतीन तास गार जमिनीवर पाठ टेकून काम करत राहिला. त्याला निवांत म्हणायचं?

पाटा बसला तेव्हा उजाडत होतं. शेकोटीजवळच्या एका बाईंनी बांबूच्या टोपलीतून चिकट भात काढला. तो हातानंच खातात, बोटांनी लाडू वळल्यासारखा गोळा करायचा आणि चटणीत बुडवायचा. मी आमचा शेंगदाण्याच्या चटणीचा डबा पुढे केला, त्यांनी त्यांच्या मिरचीच्या घट्ट काळपट चटणीची वाटी आक्कांपुढे धरली. गोडसर, झणझणीत. वार गुरुवार होता आणि आक्का गुरुवारी मटण-मासे काही खात नाहीत. चटणीच आहे म्हटल्यावर त्यांनी तीन गोळे खाल्ले आणि कृती विचारून घे म्हणाल्या. लुआंग प्रबांगला गेल्यावर मी ती विचारली. त्या चटणीत वाळवलेलं म्हशीचं कातडं घालतात. हे मी आक्कांना अजून सांगितलेलं नाही. आक्का, तुम्ही हे वाचत असाल तर माफ करा, आणि कृती हवी असेल तर आहे माझ्याकडे.

गाडी निघाल्यावर दर गावाला थांबू लागली. एका फाट्यावर मोटरसायकल टपावरून उतरली. एका ठिकाणी पोती उतरली. एका वळणावर एक म्हातारा एकटाच उभा होता, ड्रायव्हरनं खिडकीतून त्याच्या हातात औषधांची छोटी पिशवी दिली आणि गाडी पूर्ण न थांबताच पुढे गेली. तो म्हातारा किती वाजल्यापासून उभा होता, देव जाणे. त्या सगळ्या सामानाच्या मध्ये, कुणाच्या तरी तांदळाच्या पोत्यावर पाय ठेवून मी बसले होते आणि मांडीवर तक्त्याचा कागद होता. आक्कांनी कऱ्हाडात विचारलेला प्रश्न मला तेव्हा आठवला. गाडी माझी नव्हती. ती पोत्यांची होती, त्या म्हाताऱ्याची होती. त्यांच्या गाडीत मला एक जागा मिळाली होती, एवढंच.

लुआंग प्रबांगबद्दल फार लिहीत नाही. सुंदर गाव आहे, जुनी राजधानी, सोनेरी विहार, युनेस्कोच्या यादीत १९९५ पासून. पहाटे भिक्षेला निघालेल्या भिक्खूंच्या तोंडासमोर कॅमेरे धरणारी माणसं बघून आम्ही दोघी खोलीवर परत आलो. इथून पुढे रेल्वेही आहे. चीनच्या सीमेवरच्या बोतेनपासून राजधानी व्हिएंतियानपर्यंत ४१४ किलोमीटरची, २०२१च्या डिसेंबरात सुरू झालेली. लुआंग प्रबांगहून व्हिएंतियानला बसनं दिवस जाई, तिथे आता दोन तासांत पोचतात. आम्हाला भेटलेले बहुतेक प्रवासी रेल्वेनंच फिरत होते. मी आक्कांना विचारलं, उलट दिशेला उदोमसायपर्यंत रेल्वेनं जाऊ या का, तक्ता पुन्हा रुळावर येईल. त्या म्हणाल्या, "बोगद्यात काय बघायचं?" खोटं नव्हतं. त्या मार्गाचा निम्म्याच्या आसपास भाग बोगद्यांत आहे.

तर नोंग खियावला जायला मिनीव्हॅन घेतली. इथे जे घडलं ते सांगायलाच हवं, नाहीतर एव्हाना तुम्हाला वाटायला लागलं असेल की आक्का म्हणजे कशालाही मान डोलावणारी बाई.

आक्का पुढे, ड्रायव्हरशेजारी बसल्या होत्या. वीस-बावीस वर्षांचं पोरगं होतं. तासाभरानं आक्कांनी मागे वळून मला सांगितलं, "हा डुलकी घेतोय." मी म्हटलं, तुम्हाला वाटतंय. त्यांनी त्याच्या खांद्याला हात लावून चहा पिण्याची खूण केली. तो हसला आणि त्यानं मान हलवली, नको. दोन वळणांनंतर गाडी उजव्या कडेच्या मुरुमात गेली आणि परत आली. आक्कांनी तेव्हा जो आवाज काढला, तो मी तीस वर्षांच्या संसारात ऐकला नव्हता. डेपोतला आवाज असणार तो. "गाडी बाजूला घे."

पोरानं गाडी बाजूला घेतली. आक्कांनी किल्ली काढून स्वतःच्या मुठीत ठेवली आणि सीटवर मान टाकून झोपायची खूण केली. मागचे सात-आठ प्रवासी गोंधळले. एकाला पुढची होडी गाठायची होती, तो चिडला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. परक्या देशात, परक्या माणसाची किल्ली! मी हळूच म्हटलं, "आक्का, आपण पाहुणे आहोत." त्या म्हणाल्या, "मरायला पाहुणी आले नाय मी." पोरगं पंचवीस मिनिटं घोरत झोपलं. उठल्यावर त्यानं बाटलीतलं पाणी डोक्यावर ओतलं, किल्लीसाठी हात पुढे केला आणि आक्कांना दोन्ही हात जोडून नमस्कार केला. पहाटे एक फेरी मारून तो तसाच दुसऱ्या फेरीला आला होता, हे नोंग खियावला उतरल्यावर कळलं.

गाडी पाऊण तास उशिरा निघाली तरी 'भरतीय' म्हणणारी हीच बाई. मी त्यावर बरेच दिवस विचार करत होते. त्यांना विचारलं तर म्हणाल्या, गाडीची वेळ वेगळी आणि ड्रायव्हरची झोप वेगळी, त्यात विचार कसला करायचा.

नोंग खियाव हे नाम ऊ नदीवरचं लहानसं गाव. दोन्ही बाजूंना चुनखडीचे सरळसोट कडे, मधे पूल. इथून आम्हाला उत्तरेला मुआंग खुआला जायचं होतं आणि तिथून व्हिएतनामची सीमा. मी वाचलेल्या जुन्या वर्णनांत नदीतून थेट होडीनं जायची सोय होती. पण नाम ऊवर आता एकापाठोपाठ एक सात धरणं झाली आहेत आणि नदीचे तुकडे पडले आहेत. थोडी होडी, मग उतरायचं, धरण ओलांडायचं, पुन्हा होडी मिळाली तर मिळाली. व्हॅन होती, पण भरली तर सुटणार. आमच्यासकट तीन माणसं झाली. व्हॅनवाल्यानं एक बोट वर केलं: उद्या.

दुसऱ्या दिवशी तीनच. उद्या.

राखाडी ओळींतली पहिली गेली, दुसरी गेली. मी खोलीत बसून सुधारित तक्ता केला, मग त्याचा दुसरा सुधारित तक्ता केला. आक्कांनी कपडे धुतले, दुपारी झोपल्या आणि संध्याकाळी गेस्टहाउसच्या मालकीणबाईंबरोबर ओट्यावर बसून शेंगा सोलल्या. मी नदीकडे तोंड करून बसले होते, पण नदी बघत नव्हते. किती वाजता काय करायचं हे ठरलेलं नसलं की मला हातपाय कुठे ठेवावेत तेच समजत नाही. एकतीस वर्षांत हे लक्षात आलं नव्हतं. रजेवरसुद्धा मी रजेचं वेळापत्रक करत होते.

तिसऱ्या दिवशी सकाळी आक्का म्हणाल्या, "ह्या गावची माणसं बाजाराला कुठं जात्यात?" पाक मोंगला, मालकीणबाईंनी हातानं दिशा दाखवली. ती बरोबर उलटी दिशा होती. आम्ही आलो त्याच रस्त्यानं मागे. पाक मोंगला मोठ्या रस्त्याचा फाटा आहे, तिथून उदोमसाय आणि उदोमसायहून सकाळी एक बस मुआंग खुआवरूनच व्हिएतनामात जाते. नकाशात मी ती वाट बघितली होती आणि लगेच सोडून दिली होती, कारण ती मागे जात होती. किती साधी गोष्ट. थांबायला मी तयार होते, पुढे कुठल्याही हालअपेष्टांत जायला तयार होते, पण मागे जायचं म्हटल्यावर आत काहीतरी ताठ होत होतं. आलेला रस्ता पुन्हा तुडवायचा म्हणजे चूक कबूल केल्यासारखं.

पाक मोंगला साँगथ्याव मिळाली. नावाचा अर्थच 'दोन रांगा'. पिकअपच्या हौद्यात समोरासमोर दोन बाकडी, म्हणजे आपलं वडापच. कुणी हात दाखवला की थांबायची. एसटीनं एके काळी 'हात दाखवा, गाडी थांबवा' अशी पाटी लावून जी योजना आणली, ती इथे बिनपाटीची चालू होती, हे आक्कांचं निरीक्षण.

उदोमसायच्या बसनं आम्ही सीमेवर पोचलो तेव्हा दुपार झाली होती. लाओसचा शिक्का लगेच मिळाला. उरलेले किप मी एका भाजीवालीकडे संत्र्यांत घालवले होते, कारण ते लाओसबाहेर कुणी घेत नाही. एका डॉलरला वीस हजारांहून जास्त किप मिळतात, त्यामुळे आम्ही दोघी दहा दिवस लक्षाधीश होतो. पुढे ताय त्रांगच्या नाक्यावर काउंटर रिकामं. जेवणाची सुट्टी. बसमधल्या सगळ्यांना ते माहीत असावं. त्यांनी सावली बघून डबे उघडले. मीही संत्रं सोलायला घेतलं. आक्कांनी माझ्याकडे बघितलं, बोलल्या काही नाहीत. तासाभरानं अधिकारी आले, माझा कागद घेतला, नाक्याचं नाव बोट ठेवून तपासलं आणि शिक्का मारला.

खिंड उतरली की दिएन बिएन फूचं खोरं पसरलेलं दिसतं. इतिहासाच्या पुस्तकात हे नाव मी एका ओळीत वाचलेलं होतं: १९५४ साली इथे फ्रेंचांचा पराभव झाला आणि त्यांची इंडोचायनातली सत्ता संपली. तिथल्या संग्रहालयात एक सायकल आहे. हँडलला बांबू बांधून लांब केलेलं, सीटच्या जागी उभा दांडा, दोन्ही अंगांना ओझ्यासाठी जागा. अशा हजारो सायकली ढकलत लोकांनी डोंगरातून तांदूळ आणि दारूगोळा आणला, एकेका सायकलवर दोनशे-तीनशे किलो. तोफा तर माणसांनी दोरखंडांनी ओढून डोंगरांवर चढवल्या.

पण मला खिळवून ठेवलं ते त्याच्या आधीच्या गोष्टीनं. जनरल व्हो न्गुयेन ज्याप यांचा हल्ला खरं तर जानेवारीच्या अखेरीस ठरला होता. झटपट हल्ला, झटपट विजय, असा बेत होता. तोफा वर गेल्या होत्या, माणसं जागेवर होती. आणि २६ जानेवारीला ज्याप यांनी तो रद्द केला. इतक्या कष्टानं वर चढवलेल्या तोफा त्याच दोरखंडांनी मागे घ्यायला लावल्या. आयुष्यातला सगळ्यांत अवघड निर्णय, असं ते पुढे त्याबद्दल म्हणत. नव्यानं रस्ते झाले, तोफांसाठी डोंगरात खोबणी खोदल्या गेल्या आणि १३ मार्चला हल्ला सुरू झाला. ७ मेला, छप्पन्न दिवसांनी, फ्रेंच छावणी पडली.

मी हे आक्कांना मोठ्यानं वाचून दाखवलं. पाक मोंगच्या साँगथ्यावशी याची तुलना करायची मला लाज वाटली, म्हणून केली नाही. आक्का बराच वेळ सायकलीकडे बघत होत्या. मग म्हणाल्या, "फेरी सोडायला काय, कुणीबी सोडतंय. रद्द करायला छाती लागती." २००५च्या जुलैतल्या पुरात त्यांनी एका गावची मुक्कामी गाडी वरून हुकूम यायच्या आत रद्द केली होती. स्टँडवर साठ-सत्तर माणसं होती, त्यांत बाजाराला आलेल्या बाया, शाळेची पोरं. लोकांनी त्यांच्या टेबलावरचं रजिस्टर भिरकावलं. रात्री त्या रस्त्यावरचा पूल पाण्याखाली गेला. "मग दुसऱ्या दिवशी लोक काय म्हणाले?" मी विचारलं. "काय म्हणणार? गाडी कवा सोडताय म्हणाले."

हनोईची गाडी झोपायची होती. चढतानाच चपला काढून पिशवीत घालायच्या, आत तीन रांगा, वर-खाली बर्थ. फा दिन घाट ३२ किलोमीटरचा आहे म्हणतात. मला त्यातलं एकही वळण आठवत नाही. चढताना आक्कांनी दोन ड्रायव्हर आहेत ना एवढं मोजून घेतलं होतं, त्यामुळे मी निर्धास्त झोपले.

पहाटे साडेचारला गाडी हनोईच्या मी दिन्ह स्थानकात लागली. कुणीच उतरेना. ड्रायव्हरनं दिवे मालवले आणि तोही मधल्या वाटेत आडवा झाला. उजाडेपर्यंत सगळे झोपणार होते. माझा हात सवयीनं कागदाकडे गेला. तीन राखाडी ओळी संपल्या होत्या, दोन नोंग खियावमध्ये आणि एक मागे फिरण्यात. एक शिल्लक होती.

त्या दिवसासाठी मी आक्कांना हनोईतल्या पाच-सहा गोष्टी वाचून दाखवल्या. तळी, जुन्या पेठा, पाण्यावरच्या बाहुल्यांचा खेळ. रेशमाचा बाजारसुद्धा सुचवला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "इथला डेपो बघू या की जरा. मोठा दिसतोय."

म्हणून आम्ही मी दिन्हच्या फलाटासमोर दोन बुटकी स्टुलं घेऊन बसलो. बर्फ घातलेल्या फिक्या चहाचे ग्लास आले. समोर गाड्या लागत होत्या, भरत होत्या, क्लीनर पोरं गावांची नावं ओरडत होती. प्रत्येक फलाटावर सुटायच्या वेळेची पाटी होती, आकडे आपल्याला कळतील असे. सोन लाच्या गाडीच्या क्लीनरनं पत्र्यावर दोन थापा मारल्या आणि गाडी हलली. आक्कांनी पाटी बघितली, मनगटावरचं घड्याळ बघितलं.

"सात मिनिटं लेट," त्या म्हणाल्या आणि चहाचा घोट घेतला.